द्राक्षबाग, पॉलिहाऊस आणि परभक्षी कोळी: कुणी प्रत्यक्ष सोडलेत का?

वेलमांडव
11 फेब्रुवारी, रात्री 9:20

मंडळी, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे, डॉगरिज खुंटावर (कलमाचं मूळझाड), वाय आकाराचा मांडव. मण्यात पाणी उतरलंय, म्हणजे द्राक्ष पिकायला लागलंय. रस्त्याकडच्या ओळींत खालची पानं तांबूस पडायला लागली म्हणून पान उलटून पाहिलं तर लाल कोळी, पानाचा रस शोषणारी कीड. काही पानांवर जाळीसुद्धा धरलीय. माल एक्स्पोर्टचा आहे, रेसिड्यूचं, म्हणजे औषधाच्या अंशांच्या तपासणीचं, सॅम्पल जायचंय. आता कोळीनाशक मारायचं म्हटलं की पीएचआय (फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) आडवा येतो आणि गंधक मारावं तर मण्यावर डाग पडायची भीती.

औषधाच्या दुकानात एकाने सांगितलं, कोळी खाणारे कोळीच आता बाटलीत मिळतात, एकरी दोन बाटल्या सोडा, विषय संपला. माझा विषय इतक्या सहज कधी संपत नाही, म्हणून इथे विचारतोय. कुणी सोडलेत का? उघड्या बागेत टिकतात का? आणि नंतर बुरशीनाशक मारलं तर ते जगतात की आपले पैसे पाण्यात?

ठिबक
11 फेब्रुवारी, रात्री 10:05

भाऊ, हे पॉलिहाऊसवाल्यांचे लाड आहेत. छप्पर, पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर, पडदे सगळं हातात असतं त्यांच्या. आपल्याकडे पहाटे निफाडचा पारा पेपरात छापून येतो आणि दुपारी टोपीशिवाय बांधावर उभं राहवत नाही. त्यात टाचणीच्या टोकाएवढा जीव काय करणार? बाटलीचे पैसे वाचवा, चांगल्या सल्लागाराला विचारून पीएचआयमध्ये बसेल ते मारा आणि मोकळे व्हा.

भिंगवाला
12 फेब्रुवारी, सकाळी 7:15

वेलमांडव, तुमच्या आत्ताच्या प्रश्नापुरतं मी ठिबक यांच्याच बाजूने आहे. या टप्प्यावर बाटली घेऊ नका. जाळी धरलेली आहे, माल निघायला आलाय, दुपार तापायला लागलीय. शिकारी वाढून लाल कोळीला गाठतील तोवर तुमचे क्रेट भरून गेलेले असतील. पण ‘टाचणीच्या टोकाएवढा जीव काय करणार’ याला मात्र माझा कडक आक्षेप. कीटकशास्त्र शिकलोय, नोकरी भलत्याच खात्यात करतो, त्यामुळे असा धागा दिसला की राहवत नाही. लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आपला लाल कोळी बहुतेक वेळा टेट्रानिकस उर्टिकी असतो, पाठीवर दोन काळसर डाग असलेला. त्याला खाणारे कोळी फायटोसिडी कुळातले. दोघेही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, दोघांनाही मोठेपणी आठ पाय. तरी दहापटीच्या भिंगातून फरक लगेच कळतो. लाल कोळी एका जागी बसून रस ओढतो, हलला तरी रेंगाळत हलतो. शिकारी कोळी चकचकीत, पेरूच्या घाटाचा, आणि पानाच्या शिरेलगत सारखा पळत असतो. अंडीही बघा: लाल कोळीचं अंडं गोल मोत्यासारखं, शिकाऱ्याचं लांबट आणि थोडं मोठं. जाळीत गोल अंड्यांच्या मध्ये लांबट अंडं दिसलं तर समजा तुमच्या बागेत फुकटचा कामगार आधीच हजर आहे.

गंमत म्हणजे या शिकाऱ्यांना डोळे नाहीत. ते वासावर चालतात. कोळी लागलेलं पान विशिष्ट वास हवेत सोडतं आणि शिकारी त्या वासाच्या दिशेने येतात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी 1980च्या दशकात लिमा बीनच्या रोपांवर हे दाखवून दिलं.

बाटलीत जगभर सर्वांत जास्त विकला जाणारा म्हणजे फायटोसियुलस परसिमिलिस. मूळ चिलीकडचा समजतात. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्किडच्या रोपांबरोबर नकळत जर्मनीत पोचला आणि तिथल्या काचघरात लक्षात आला. पुढे हॉलंडमधला काकडी पिकवणारा शेतकरी यान कॉपर्ट याने औषधांना कंटाळून हाच कोळी वापरला आणि 1967 मध्ये त्याची कंपनीच काढली. दिवसाला पाचेक मोठे कोळी किंवा वीसेक अंडी-पिल्लं खातो. 20 अंशांच्या आसपास त्याची पिढी लाल कोळीच्या जवळजवळ निम्म्या दिवसांत पुरी होते. जिंकतो तो त्यामुळे, नुसत्या खादाडपणामुळे नाही.

आता अडचण. पारा 30च्या वर गेला की गणित उलटतं. लाल कोळीची पिढी आठवडाभरात उरकायला लागते आणि परसिमिलिस मंदावतो. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांखाली गेली की त्याची अंडी सुकतात. फेब्रुवारीअखेरची पिंपळगावची दुपार आठवा. शिवाय तो लाल कोळीच्या गोत्राशिवाय दुसरं काही खात नाही. शिकार संपली की उपासमार, नाहीतर स्थलांतर. उघड्या बागेत त्याला सांभाळणं म्हणजे पाहुण्याला घरजावई करण्यासारखं आहे.

आपल्याकडचा देशी शिकारी म्हणजे निओसियुलस लॉन्गिस्पायनोसस. हा भारतात ठिकठिकाणी सापडतो आणि उष्ण हवा त्याच्या अंगवळणी आहे. माझा सगळा भर याच्यावर आणि याच्या भाऊबंदांवर. विकत आणण्याआधी बागेत आहे का ते बघा.

वेलमांडव
12 फेब्रुवारी, दुपारी 1:40

भिंगवाला साहेब, मुलाच्या प्रयोगाच्या संचात एक भिंग निघालं, ते घेऊन बांधावर गेलो. रस्त्याकडच्या ओळींत नुसती जाळी आणि लाल कोळी. आत, विहिरीकडच्या ओळींत मात्र तुम्ही म्हणता तसे पळणारे दिसले. फिकट, पाण्याच्या थेंबासारखे. एका पानावर बारीक काळा ढालकिडाही होता, मोहरीपेक्षा लहान. हा कोण? आणि रस्त्याकडे काहीच का नाही?

भिंगवाला
12 फेब्रुवारी, रात्री 8:50

तो बारका काळा म्हणजे बहुधा स्टेथोरस. लेडीबर्डच्याच घराण्यातला, पण मावा सोडून कोळी खाणारा. त्याला मारू नका. मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) आपण क्रिप्टोलेमस हा भुंगेरा सोडतो, तो 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. हा मात्र आपणहून येतो.

रस्त्याकडे शिकारी नसण्याचं पहिलं कारण धूळ. कच्च्या रस्त्याच्या कडेची बाग लाल कोळीला आधी बळी पडते, हे द्राक्षातच काय, बदामातही जगभर पाहिलेलं आहे. धुळीत शिकाऱ्यांना हिंडणं, शोधणं अवघड होतं, लाल कोळीला जाळीच्या आत काही फरक पडत नाही. शिवाय धूळ बसलेल्या कडेच्या वेली लवकर तापतात. टँकरने रस्ता ओला करणं हे कुणाला कीड नियंत्रण वाटत नाही, पण आहे. दुसरं कारण, कडेच्या ओळींवर फवारणीचा ब्लोअर दोनदा फिरतो की नाही? वळताना?

वेलमांडव
12 फेब्रुवारी, रात्री 9:10

फिरतो. ट्रॅक्टर तिथेच वळतो, आणि ड्रायव्हर वळताना नोझल बंद करत नाही.

शेडनेट
13 फेब्रुवारी, पहाटे 5:50

दिंडोरी तालुक्यात गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. व्हॅलेंटाइनची तोड चालू आहे, त्यामुळे झोप नाही, तेवढ्यात लिहितो.

गुलाबात लाल कोळी म्हणजे बारमाही दुखणं. बेंडिंग केलेल्या, खाली वाकवलेल्या फांद्यांची पानं दाट असतात, औषध आत पोचत नाही आणि कोळी तिथेच तळ ठोकतो. आम्ही कोळीनाशकं बदलून बदलून मारली. एका मोसमात चाललेलं पुढच्या मोसमात चालत नाही, हे सगळ्या गुलाबवाल्यांना माहीत आहे.

शिकारी कोळी पहिल्यांदा मागवले तेव्हा विक्रेत्याने बाटली साध्या कुरिअरने पाठवली. दुपारी उन्हात पडलेलं पार्सल, बर्फाची पिशवी कोमट झालेली. कोळी ज्यात भरून येतात तो भुसा कागदावर ओतून पाहिलं तर एकही हलेना. तक्रार केली तर म्हणे तुम्ही उशिरा उघडली. तेव्हापासून नियम: बाटली आली की आधी पांढऱ्या कागदावर चिमूटभर ओतायची आणि भिंग लावायचं. पळताना दिसले तरच पैसे.

जिवंत माल मिळाल्यावर मात्र फरक पडला. जाळी दिसायच्या आधी सोडले, वाकवलेल्या फांद्यांवर, संध्याकाळी, फॉगर मारून झाल्यावर. पहिल्या काही दिवसांत काहीच होत नाही असं वाटतं आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. तो हात धरून ठेवायचा, एवढंच कठीण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान चाललं. एप्रिल-मेमध्ये पॉलिहाऊसच्या आत भट्टी होते, तेव्हा आमच्याकडे त्यांची संख्या पडते, हे कबूल करायला हवं. तेव्हा निवडक औषध लागतंच.

भुरी या बुरशीरोगासाठी रात्री गंधकाची वाफ देणारे बर्नर लावत होतो, ते बंद करावे लागले. गंधक आणि हे कोळी एकत्र नांदत नाहीत.

ठिबक
13 फेब्रुवारी, सकाळी 10:30

इथेच गाडी अडते. गुलाबाला भुरी आली तर फूल जातं. द्राक्षाला भुरी आली तर वर्ष जातं. गंधक बंद, मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक बंद, मग थ्रिप्सचं (फुलकिड्यांचं) औषध बंद, मग आम्ही बागेत हात जोडून उभं राहायचं का? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी रोगासाठी एकेका आठवड्यात किती फवारे जातात ते बागाईतदारालाच ठाऊक. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांवरून युरोपातून माल नाकारला गेला तेव्हा काय झालं ते नाशिकने पाहिलंय. रेसिड्यू नको हे मलाही पटतं, पण कोळ्यांच्या भरवशावर कंटेनर भरता येत नाही. उघड्या शेतात हे चाललंय असं एक तरी उदाहरण द्या.

भिंगवाला
13 फेब्रुवारी, रात्री 10:15

एक का, दोन देतो. तिसरं तुमच्या 2010च्या जखमेवरचं आहे.

पहिलं आफ्रिकेतलं. कसावा या कंदपिकावरचा हिरवा कोळी दक्षिण अमेरिकेतून तिथे पोचला, 1971 मध्ये युगांडात आढळला आणि मग सगळ्या कसावा पट्ट्यात पसरला. गरीब शेतकऱ्याचं पीक, औषध परवडणारं नाही. ब्राझीलमधून आणलेला टिफ्लोड्रोमॅलस अरिपो हा शिकारी कोळी 1993 मध्ये बेनिनमध्ये सोडला. तो दिवसा झाडाच्या शेंड्यात दडतो, रात्री पानांवर शिकारीला उतरतो, आणि पुढे अनेक देशांत टिकून राहिला. ना फॉगर, ना पडदे.

दुसरं थेट थॉमसनचं. कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्यातल्या द्राक्षबागांत 1960च्या दशकात असं दिसलं की ओळींमध्ये जॉन्सन ग्रास हे तण उभं होतं तिथे शिकारी कोळी जास्त टिकत आणि वेलीवरचा कोळी आटोक्यात राहत असे. कारण गवतावर दोन ठिपक्यांचा कोळी थोडा थोडा असायचा, शिकाऱ्यांना वेलीवर काही नसलं तरी खायला मिळायचं. आपण तणनाशक मारून जमीन आरशासारखी करतो आणि त्याला स्वच्छ बाग म्हणतो. गवत वाढवा असं माझं म्हणणं नाही, उगाच माझ्या नावाने कुणी जॉन्सन ग्रास लावू नका, ते मग कुदळीनेही जात नाही.

आता तिसरं. 2006च्या अखेरीला स्पेनच्या अल्मेरियातल्या ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या औषधाचे अंश जर्मनीला सापडले. बाजार कोसळला. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथल्या मिरचीवाल्यांनी फार मोठ्या प्रमाणात अँब्लिसियस स्विर्स्की नावाचा कोळी वापरायला घेतला, जो थ्रिप्सची पिल्लं आणि पांढरी माशीची अंडी दोन्ही खातो. हे प्लॅस्टिकच्या छपराखालचं आहे, मान्य. पण सुरुवात हौसेतून झाली नाही, नाकारलेल्या मालातून झाली.

गंधक बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कधी आणि कशाच्या बदल्यात, एवढाच प्रश्न आहे. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं शिकाऱ्यांना साफ मारतात आणि लाल कोळी मागे उरतो. फवारल्यावर कोळी का वाढला म्हणून आपण डोकं धरतो, त्याचं उत्तर तिथे आहे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पोटात गेलेल्या लाल कोळीने जास्त अंडी घातल्याचेही प्रयोग आहेत. मॅन्कोझेबचे लागोपाठ फवारे शिकारी कोळ्यांना जड जातात हे युरोपातल्या द्राक्षबागांत दिसलंय. उलट बायफेनाझेट, हेक्झिथायाझॉक्स यांसारखी कोळीनाशकं लाल कोळीला मारतात पण शिकाऱ्यांना बरीच सोसतात. द्राक्षासाठी शिफारस आणि पीएचआय काय आहे ते लेबलवर आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत बघूनच ठरवा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

पाणकोंबडी
14 फेब्रुवारी, सकाळी 8:00

शेतकरी नाही, पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला जाते, पण एक भर घालू का? युरोपात स्विर्स्कीसारख्या कोळ्यांना शिकार कमी असताना जगवायला पाणकणसाचे परागकण फवारतात, चक्क विकत घेऊन. आपल्या धरणाच्या कडेला दाट उभं असतं ते पाणकणीस. हे वाचल्यापासून त्याच्याकडे बघायची नजरच बदलली.

ठिबक
14 फेब्रुवारी, सकाळी 8:20

म्हणजे आता पाणकणसालाही मार्केट यार्ड उघडायचं.

भिंगवाला
14 फेब्रुवारी, सकाळी 9:05

पाणकोंबडी ताई, बरोबर. स्विर्स्कीसारखे जे कोळी परागकणावर जगतात त्यांनाच त्याचा उपयोग. परसिमिलिसला पराग दिला तर तो उपाशीच मरेल. पण अभयारण्यातून कुणी कणसं तोडू नका. रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, 2020 मध्ये जाहीर झालेलं. बांधावरच्या मक्याचे परागही बऱ्याच देशी शिकाऱ्यांना चालतात. द्राक्षाच्या पानाखाली शिरांच्या बेचक्यात बारीक केसांचे झुपके असतात, त्यात हे कोळी दडतात, अंडी घालतात. भिंग लावायचं तर आधी तिथे लावा.

गच्चीतली_जास्वंद
14 फेब्रुवारी, दुपारी 4:30

गंगापूर रोडला गच्चीवर वांगी आणि गुलाब आहेत. पानं पिवळी ठिपकेदार, खाली जाळी. एक बाटली मागवू का? आणि हे कोळी घरात येऊन चावणार तर नाहीत ना, लहान मूल आहे.

शेडनेट
14 फेब्रुवारी, रात्री 11:10

ताई, तोड संपली एकदाची. बाटली नको. नळीला बारीक तोंड लावून पानाच्या खालून जोरात पाणी मारा, दर तीन-चार दिवसांनी, सकाळी. जाळी तुटते, कोळी वाहून जातो. फार खराब पानं तोडून पिशवीत बांधून टाका. आणि हे कोळी माणसाला चावत नाहीत, पीकही खात नाहीत. आमच्याकडच्या बाया रोज त्यातच हात घालतात.

माळावरची_स्ट्रॉबेरी
15 फेब्रुवारी, सकाळी 11:45

सुरगाण्याकडे स्ट्रॉबेरी आहे. आमच्याकडे तोडणी एक दिवसाआड, म्हणजे पीएचआय पाळायला मधे दिवसच नाही, त्यामुळे औषधाचा प्रश्न तुमच्याहून वाईट. देशी शिकारी कोळी घरी वाढवता येतात का? कुणी केलंय?

भिंगवाला
15 फेब्रुवारी, रात्री 9:30

येतात. पद्धत साधी आहे, चिकाटीची आहे. घेवड्याची रोपं ट्रेमध्ये वाढवायची. त्यांच्यावर मुद्दाम लाल कोळी सोडायचा. तो भरपूर झाला की लॉन्गिस्पायनोसस सोडायचे. ते वाढले आणि लाल कोळी संपत आला की ती पानं तोडून जशीच्या तशी पिकात ठेवायची. दोन गोष्टी सांभाळा. लाल कोळी वाढवायची रोपं आणि शिकाऱ्यांची रोपं वेगळ्या जागी ठेवा, मधे हात धुवा. नाहीतर शिकारी लवकर शिरतो आणि खाद्याची रोपंच संपवतो. आणि लाल कोळी वाढवायची जागा पिकापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे वारा पिकाकडून तिकडे वाहील. सुरुवातीचे शिकारी मिळवायला कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. बंगळूरुच्या एनबीएआयआर या शेतीतल्या कीटकांवरच्या राष्ट्रीय संस्थेकडे मित्रकीटकांचं काम चालतं, तिथेही विचारता येईल.

बाटली घेणाऱ्यांसाठी: विक्रेत्याला जातीचं नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर परत फिरा. परदेशी जात असेल तर आयातीची परवानगी विचारा. 2003च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे जिवंत मित्रकीटकसुद्धा असेच उचलून आणता येत नाहीत.

वेलमांडव
16 फेब्रुवारी, रात्री 9:00

सगळ्यांचे आभार. माझं ठरलं ते सांगतो, चुकत असेल तर टोका.

या मालासाठी बाटली नाही. रस्त्याकडच्या ओळींची खालची, जाळी धरलेली पानं काढून जाळली. घडावर ऊन येणार नाही एवढीच काढली. रस्त्यावर टँकर फिरवतोय, आणि पाण्याचा ताण कडेच्या वेलींना बसू नये म्हणून ड्रिप थोडं वाढवलं. ड्रायव्हरला वळताना नोझल बंद करायला सांगितलंय, तो हसला. आतल्या ओळींना काहीच मारत नाही.

माल निघाल्यावरच्या खरड छाटणीनंतर विहिरीकडच्या अर्ध्या एकरात पायरेथ्रॉइड पूर्ण बंद. मधल्या पट्ट्यात गवत कापायचं, तणनाशकाने जाळायचं नाही. बाकी बाग नेहमीसारखी, म्हणजे तुलना होईल. पण मोजायचं कसं? नुसतं ‘कमी वाटतंय’ म्हणून ठिबक यांना पटणार नाही.

ठिबक
16 फेब्रुवारी, रात्री 9:25

अर्ध्या एकराला माझी हरकत नाही. बिल माझ्याकडे पाठवू नका एवढंच.

भिंगवाला
16 फेब्रुवारी, रात्री 10:40

खरड छाटणीनंतर लगेच काही दिसलं नाही तर निराश होऊ नका. पानंच निघून गेलेली असतात आणि त्यांच्याबरोबर शिकारीही. छाटणीची पानं त्या अर्ध्या एकरातून लगेच बाहेर नेऊ नका, ओळीतच पडू द्या, निदान काही शिकारी नव्या फुटीवर चढतील. त्यात भुरी-डावणीचा डाग असेल तर मात्र बाहेरच काढा.

मोजणी अशी: दर आठवड्याला दोन्ही भागांतून, ओळींत तिरपं चालत, वेलीच्या मधल्या उंचीवरची ठरावीक संख्येची पानं घ्या. प्रत्येक पानावर फक्त दोन गोष्टी लिहा, लाल कोळी आहे की नाही, शिकारी आहे की नाही. एकेक मोजत बसू नका, डोळे जातील. शिकारी असलेली पानं वाढत असतील तर लाल कोळी दिसला तरी थांबा. शिकारी असलेली पानं कमी होतायत आणि लाल कोळीची वाढतायत, तेव्हाच निवडक औषध काढा. कडेच्या दोन ओळी मोजणीत धरू नका, त्या कायम खोटं बोलतात.

वेलमांडव
16 फेब्रुवारी, रात्री 10:55

मुलाच्या संचातलं भिंग प्लॅस्टिकचं आहे, कडेला सगळं वाकडं दिसतं. नाशिकमध्ये दहापटीचं चांगलं कुठे मिळेल?

पाणकोंबडी
17 फेब्रुवारी, सकाळी 7:35

घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते भिंग बघा, मेन रोडच्या बाजूच्या गल्ल्यांत विचारा. नाहीतर शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात घडीचं भिंग मिळतं. काचेचं आहे ना ते विचारून घ्या.

शेडनेट
17 फेब्रुवारी, सकाळी 8:10

माझ्याकडे एक जादा आहे. रविवारी पिंपळगावला मार्केटमध्ये येतोय, घेऊन येतो. मला विहिरीकडच्या ओळी बघायच्याच आहेत.